रग्बीचे मुख्याध्यापक डॉ. थॉमस आर्नोल्ड

एखादी शाळा चांगली आहे असें आपण म्हणतों, तेव्हां बहुधा तिची इमारत, तिचें क्रीडांगण व तिचे परीक्षांचे निकाल आपल्या डोळ्यांपुढें असतात. परंतु इंग्लंडांतील रग्बी या गांवची शाळा ज्या पुरुषामुळें सर्वत्र नांवारूपास आली, त्याची कीर्ति यांपैकीं कशावरहि उभी नाहीं. मुलांच्या शब्दावर विश्वास ठेवावा आणि त्या विश्वासास पात्र राहण्याची जबाबदारी त्यांच्यावरच टाकावी, हें व्रत त्यानें चौदा वर्षें चालविलें. त्या मुख्याध्यापकाचें, म्हणजे डॉ. थॉमस आर्नोल्ड यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींहि जाणून घेण्याजोगें आहे.

आर्नोल्ड यांचा जन्म १३ जून १७९५ रोजीं वाइट बेटावरील वेस्ट कौज येथें झाला. वडील जकात खात्यांत अधिकारी होते. मुलगा सहा वर्षांचा होण्यापूर्वींच ते निवर्तले. थॉमसचें शिक्षण विंचेस्टरच्या शाळेंत व पुढें ऑक्सफर्ड येथें झालें. १८१५ सालीं ओरिएल कॉलेजनें त्यांस आपले फेलो निवडलें. विद्वत्तेच्या मार्गानें ते तेथेंच मोठ्या पदास चढले असते. पण १८१९ सालीं थेम्स नदीकांठच्या लेलॅम या खेडेगांवीं जाऊन त्यांनीं थोड्याशा मुलांस विश्वविद्यालयासाठीं तयार करण्याचें काम पत्करिलें. मुलांबरोबर ते पोहत, दूरवर फिरावयास जात आणि त्याच मुलांकडून अभ्यास मात्र कसून करून घेत. शिक्षकाची खरी तालीम त्यांस या आठ-नऊ वर्षांत मिळाली.

१८२७ सालीं रग्बीच्या मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली. आर्नोल्ड यांची निवड झाल्यास इंग्लंडांतील सर्व मोठ्या शाळांच्या शिक्षणाचें रूप पालटेल, असें भाकीत ओरिएलच्या हॉकिन्स यांनीं विश्वस्तांस लिहिलेल्या पत्रांत केलें होतें. निवड झाली, आणि ऑगस्ट १८२८ मध्यें आर्नोल्ड कामावर रुजू झाले.

त्या काळच्या अशा शाळांची स्थिति मोठी शोचनीय होती. थोरलीं मुलें धाकट्यांना छळीत. मद्यपान व लबाडी यांचा सुळसुळाट असे. शिक्षक व विद्यार्थी परस्परांस शत्रु मानीत. मास्तरांस फसविणें यांत मुलांना पुरुषार्थ वाटे. आर्नोल्ड यांनीं प्रथम या शत्रुत्वावरच घाव घातला. मुलानें एखादी गोष्ट सांगितली कीं ते ती खरी मानीत, आणि तो अधिक पुरावा देऊं लागल्यास त्यास थांबवीत. अशा माणसाशीं खोटें बोलणें ही लाजिरवाणी गोष्ट आहे, अशी समजूत हळूहळू मुलांतच पसरली.

सर्वांत वरच्या, म्हणजे सहाव्या वर्गाच्या मुलांवर त्यांनीं शाळेची शिस्त सोंपविली. हा वर्ग ते स्वतः शिकवीत. अधिकार हातीं आला कीं दुर्बळांचें रक्षण करणें हें कर्तव्यहि त्याबरोबर येतें, हें ते त्यांच्या मनावर सतत बिंबवीत. १८३१ सालीं शाळेच्या प्रार्थनामंदिराचें धर्मगुरूचें काम त्यांनीं वेगळें वेतन न घेतां आपणांकडे घेतलें, आणि दर रविवारीं मुलांस त्यांच्या रोजच्या जीवनाविषयीं उपदेश केला. सहकारी शिक्षकांच्या नियमित सभा भरवून त्यांनीं त्यांचें मत घेण्याचा प्रघात पाडला. प्राचीन भाषांच्या जोडीला गणित, फ्रेंच व अर्वाचीन इतिहास या विषयांस अभ्यासक्रमांत कायमचें स्थान दिलें.

ज्या मुलाच्या राहण्यानें इतरांचें अहित होई, त्यास घरीं नेण्याविषयीं ते पालकांस कळवीत. त्यामुळें पुष्कळ पालक रुष्ट झाले व वर्तमानपत्रांतून टीकाहि झाली. परंतु पटावरील संख्या घटेल या भीतीनें त्यांनीं आपला निश्चय बदलला नाहीं.

आर्नोल्ड निर्दोष होते असें मात्र नव्हे. त्यांचा स्वभाव तापट होता. एकदां एक मुलगा खोटें बोलतो असें वाटून त्यांनीं त्यास छडीचे अठरा फटके मारले. मागाहून मुलाचेंच म्हणणें खरें ठरलें. ज्या गुणासाठीं आर्नोल्ड यांनीं सर्व शाळा हलविली, त्याच गुणाबद्दल त्या मुलास शिक्षा झाली होती! गोष्ट दाबून टाकणें मुख्याध्यापकास कठीण नव्हतें. पण आर्नोल्ड यांनीं मुलाची क्षमा मागितली, आणि संपूर्ण शाळेसमोर आपला अपराध कबूल केला. फटक्यांचें समर्थन कोणीं करूं नये. तथापि मुलांकडून ज्या सत्याची अपेक्षा केली, तें सत्य त्यांनीं स्वतःलाहि चुकविलें नाहीं. सृष्टिशास्त्रांस त्यांच्या शाळेंत फारसें स्थान मिळालें नाहीं, ही आणखी एक उणीव नमूद केली पाहिजे.

१८४१ सालीं ऑक्सफर्ड येथें अर्वाचीन इतिहासाचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. तरी त्यांनीं रग्बी सोडली नाहीं. ११ जून १८४२ च्या रात्रीं सहाव्या वर्गांतील कांहीं मुलें त्यांच्या घरीं भोजनास होतीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं हृदयविकारानें त्यांचें देहावसान झालें. सत्तेचाळिसावें वर्ष पुरें होण्यास एकच दिवस उरला होता. शाळेच्या प्रार्थनामंदिरांतच त्यांस चिरविश्रांति मिळाली.

त्यांचें कार्य मात्र रग्बीपुरतें राहिलें नाहीं. त्यांचे वडील चिरंजीव मॅथ्यू हे कवि व शाळांचे निरीक्षक म्हणून प्रसिद्धीस आले. आणखी एक चिरंजीव विल्यम १८५६ सालीं पंजाबांतील शिक्षणखात्याचे प्रमुख झाले. रग्बींत त्यांच्या हाताखालीं काम केलेले कॉटन पुढें कलकत्त्याचे बिशप झाले व १८५९ सालीं त्यांनीं सिमल्याच्या बाजूस शाळा स्थापिली. अशा रीतीनें वरच्या वर्गांतील मुलांवर जबाबदारी टाकण्याची पद्धति आपल्या देशांतहि आली.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कोणी वर्गाचा मॉनिटर होतो, तेव्हां त्याला धाकट्यांवर हुकूम चालविण्यासाठीं नव्हे, तर त्यांना सांभाळण्यासाठीं निवडलेलें असतें. आणि पालकांस विनंति एवढीच, कीं शाळेची परीक्षा करतांना निकालाच्या आंकड्यांबरोबर आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा: आमचीं मुलें येथें न भितां खरें बोलूं शकतात काय?