हॅस्केल भाषेमागचे हॅस्केल करी

नांदेडला विष्णुपुरीत किंवा लातूरच्या एखाद्या कॉलेजात इंजिनिअरिंगला असाल, तर जावास्क्रिप्ट शिकताना ‘करिंग’ हा शब्द कुठेतरी आडवा आलाच असेल. पहिल्यांदा ऐकला की ताटातली करीच आठवते. पण हा शब्द एका आडनावावरून आलाय. त्याच माणसाचं पहिलं नाव एका प्रोग्रामिंग भाषेला दिलेलं आहे. ते म्हणजे हॅस्केल ब्रुक्स करी. गंमत अशी की आडनावाने ओळखली जाणारी कल्पना मुळात त्यांची नव्हती, आणि भाषेला दिलेलं नाव त्यांना स्वतःला आवडायचं नाही. जे खरंच त्यांचं होतं, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

करींचा जन्म १२ सप्टेंबर १९०० चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मिलिस या गावचा. आईवडील बॉस्टनमध्ये वक्तृत्व शिकवणारी शाळा चालवायचे. मुलगा १९१६ साली हार्वर्डला गेला तो डॉक्टर व्हायला. पहिल्याच वर्षी गणिताचा एक कोर्स घेतला आणि गाडी घसरली. त्यात १९१७ ला अमेरिका महायुद्धात उतरली. सैन्यात आपला उपयोग गणितानेच जास्त होईल असं वाटून त्यांनी वैद्यकी सोडली. १९२० ला पदवी मिळाली. मग एमआयटीत इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि त्यासोबत जनरल इलेक्ट्रिकमध्ये अर्धवेळ नोकरी. तेही मनासारखं जमेना, म्हणून पुन्हा हार्वर्ड आणि १९२४ ला फिजिक्सची मास्टर्स. शेवटी गणितात पीएचडी करायला बसले. म्हणजे वयाची चोवीस वर्षं होईपर्यंत चार शाखा बदलून झाल्या. आपल्याकडे घरच्यांनी काय म्हटलं असतं ते सांगायला नको.

चिठ्ठीतला अण्णा

या धरसोडीच्या काळातच, १९२२ साली, त्यांच्या हातात रसेल आणि व्हाइटहेड यांचा ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’ हा जाडजूड ग्रंथ आला. सगळं गणित निव्वळ तर्काच्या नियमांतून उभं करायचा तो प्रयत्न होता. सुरुवातीलाच दोन नियम येतात. पहिला सोपा: ‘क’ खरं असेल आणि ‘क असेल तर ख’ हेही खरं असेल, तर ‘ख’ खरं. दुसरा नियम म्हणजे व्हेरिएबलच्या जागी दुसरं काही टाकता येतं. हा आपण सातवी-आठवीपासून वापरतो. य च्या जागी ५ टाका, झालं. सगळे तो वाचून पुढे जायचे. करी तिथेच अडकले. हा दुसरा नियम पहिल्यापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचा आहे, हे त्यांच्या लक्षात आलं.

गुंतागुंत कसली ते बघा. लातूरच्या घरात एक छापील चिठ्ठी आहे: ‘पैसे अमक्याला द्या आणि अण्णाला कळवा.’ इथे अण्णा म्हणजे लातूरच्या घरातले अण्णा. आता नांदेडहून निरोप आला की अमक्याच्या जागी आमच्या अण्णाचं नाव टाका. टाकलं. चिठ्ठी झाली: ‘पैसे अण्णाला द्या आणि अण्णाला कळवा.’ वाचणारा पैसे लातूरच्या अण्णांच्याच हातावर ठेवणार. शब्द बरोबर टाकला, जागा बरोबर होती, तरी अर्थ बदलला, कारण बाहेरून आलेलं नाव घरातल्या नावात मिसळलं. माणूस हे सांभाळून घेतो. पण सगळं यंत्रासारखं, न चुकता करायचं, तर ‘कुठे टाकायचं, कुठे नाही, कधी आधी नाव बदलायचं’ अशा नियमांची जंत्रीच लागते. जो तर्क सगळ्या गणिताचा पाया म्हणून घ्यायचा, त्याच्याच तळाशी इतकं किचकट काही असावं हे करींना पटेना.

त्यांचा उपाय धाडसी होता. भांडण नावांचं असेल तर नावंच काढून टाकू. व्हेरिएबल नाहीतच, फक्त काही ठरावीक फंक्शन्स, आणि ती एकमेकांना लावायची. या फंक्शन्सना ‘कॉम्बिनेटर’ म्हणतात. आज प्रसिद्ध असलेले दोन बघू. ‘के’ दोन गोष्टी घेतो, पहिली ठेवतो, दुसरी फेकतो:

के अ ब = अ

‘एस’ तीन गोष्टी घेतो. तिसरी पहिल्या दोघांना वाटतो आणि त्यांचे निकाल एकमेकांना लावतो:

एस फ ग य = (फ य) (ग य)

(यातली अक्षरं फक्त तुम्हा-आम्हाला नियम समजावण्यापुरती. मोजणीत ती लागत नाहीत.) आता ‘एस के के’ ला कुठलीही गोष्ट द्या. आधी ‘(के य) (के य)’ होतं, मग के दुसरं फेकतो आणि य जसाच्या तसा परत येतो. म्हणजे ‘जे दिलं तेच परत दे’ हे फंक्शन एकही व्हेरिएबल न वापरता तयार झालं. कॉम्प्युटरने मोजता येण्यासारखं जे जे आहे, ते सगळं फक्त एस आणि के वापरून लिहिता येतं. कागदावर करून बघा, अर्ध्या तासात डोकं गरगरतं, पण पटतं.

ग्रंथालयात सापडलेला पेपर

१९२७ साली करी प्रिन्स्टनला शिकवायला गेले. तिथल्या ग्रंथालयात चाळताचाळता त्यांना १९२४ सालचा एक जर्मन पेपर सापडला, मोझेस शॉनफिंकेल यांचा. कॉम्बिनेटरची कल्पना त्यात आधीच होती. एस आणि के सुद्धा. शॉनफिंकेल यांनी ती १९२० सालीच गॉटिंगनमधल्या व्याख्यानात मांडली होती. पीएचडी करणाऱ्याला यापेक्षा वाईट दिवस कोणता? विषय गेला म्हणून दुसरा धरावा किंवा पेपर पाहिलाच नाही असं दाखवावं, असे दोन मोह होऊ शकतात.

करी सरळ गॉटिंगनला गेले, जिथून तो पेपर आला होता तिथेच. शॉनफिंकेल तोवर रशियात परतले होते आणि मानसिक आजाराने ग्रासले होते, त्यामुळे भेट शक्य नव्हती. १९२८-२९ मध्ये करींनी पॉल बर्नाइस यांच्यासोबत काम करून, हिल्बर्ट यांच्या नावाखाली, जर्मनमध्ये प्रबंध लिहिला आणि श्रेय शॉनफिंकेलना दिलं. शॉनफिंकेलनी कल्पना दाखवली होती. करींनी तिला नियम दिले, सिद्धता दिल्या आणि पुढची पन्नास वर्षं ती जोपासली.

‘करिंग’ हे नाव मात्र १९६० च्या दशकात ब्रिटनच्या ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी रुळवलं. कल्पना शॉनफिंकेलच्या पेपरात आहे, त्याच्याही आधी फ्रेगेंकडे आहे. कल्पना काय, ते लातूरच्या भुसार बाजारात बघू. शेतकऱ्याच्या पट्टीसाठी तीन आकडे लागतात: भाव, वजन आणि हमाली-तोलाईची कपात. तिन्ही एकदम हातात नसतात. सौद्यात भाव लागला, समजा क्विंटलला ४५००. आता मुनीमाकडे जणू नवीन फंक्शन तयार झालं, ज्यात भाव पक्का आहे आणि फक्त वजन व कपात द्यायची आहे. काट्यावर २० क्विंटल भरलं की आणखी एक फंक्शन, ज्याला फक्त कपात हवी. ६०० दिले की ८९,४०० बाहेर. तीन इनपुटच्या एका फंक्शनची एकेक इनपुट घेणाऱ्या फंक्शन्सची साखळी करणं, हेच करिंग. कॉम्बिनेटरची सगळी मांडणी त्यावरच उभी आहे, कारण तिथे एका वेळी एकच गोष्ट देता येते.

लातूरला समुद्र

१९२९ ला करी पेनसिल्व्हेनिया स्टेट कॉलेजला रुजू झाले. तेव्हा ते मोठं संशोधन केंद्र नव्हतं. शेतकी आणि अभियांत्रिकी शिकवणारं आडवाटेचं कॉलेज होतं. त्याच सुमारास प्रिन्स्टनला अलोन्झो चर्च यांनी ‘लॅम्डा कॅल्क्युलस’ मांडला. कल्पना जवळचीच, फक्त त्यात व्हेरिएबल ठेवले होते. दोघांनाही आपापल्या पद्धतीवर तर्काची पूर्ण इमारत बांधायची होती.

१९३५ साली चर्च यांचेच विद्यार्थी क्लीनी आणि रॉसर यांनी दाखवलं की दोघांच्याही इमारतींत विसंगती आहे. म्हणजे त्यांत काहीही सिद्ध करता येतं, खोटंसुद्धा. करींनी हा घाव कुठे बसला ते शोधत शोधत १९४२ साली त्याचं सगळ्यात छोटं रूप काढलं. आज त्याला करीचा विरोधाभास म्हणतात. हे वाक्य घ्या: हे वाक्य खरं असेल तर लातूरला समुद्र आहे.

समजा ते खरं आहे. मग त्यातली अट पूर्ण झाली, म्हणून लातूरला समुद्र आहे. म्हणजे वाक्य खरं धरलं तर समुद्र मिळतो, एवढं तर सिद्ध झालं. पण वाक्य स्वतः तेवढंच म्हणतंय! म्हणजे वाक्य खरं. आणि म्हणून लातूरला समुद्र. ज्या शहराला २०१६ ला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे दोन ओळींत समुद्र!

गडबड स्वतःलाच स्वतः लावण्यात आहे. चर्च यांनी तर्काचा भाग सोडला आणि फक्त मोजणीपुरता लॅम्डा कॅल्क्युलस वेगळा ठेवला. १९३६ चं त्यांचं प्रसिद्ध काम त्यातूनच आलं. करींनी तर्क सोडला नाही. मला वाटतं इथे त्यांचा खरा स्वभाव दिसतो: जिथे मोडलं तिथेच बसून राहायचं. विसंगती आणणाऱ्या त्या कॉम्बिनेटरलाच त्यांनी ‘पॅरॉडॉक्सिकल’ असं नाव दिलं. तोच आज ‘वाय कॉम्बिनेटर’ म्हणून ओळखला जातो. तर्कात तो विष आहे, पण प्रोग्रामिंगमध्ये त्याच्यामुळे फंक्शन स्वतःला नावाशिवाय पुन्हा बोलावू शकतं, म्हणजे रिकर्शन. १९३४ मध्येच त्यांना आणखी एक गोष्ट दिसली होती: कॉम्बिनेटरचे टाइप आणि तर्कातले स्वयंसिद्ध नियम यांचा आकार एकच असतो. के चा टाइप म्हणजे ‘अ असेल, तर ब असलं तरी अ’. हे बीज पुढे विल्यम हॉवर्ड यांनी वाढवलं.

दुसऱ्या महायुद्धात करी लष्करासाठी काम करत होते. अॅबर्डीनच्या प्रयोगशाळेत त्यांचा एनियॅकशी संबंध आला आणि १९४६ ला विला वायट यांच्यासोबत त्यावरच्या एका गणनेचा अहवाल त्यांनी लिहिला. नंतर नौदलासाठी १९४९-५० मध्ये छोटे प्रोग्राम जोडून मोठा प्रोग्राम कसा बांधायचा, यावरही अहवाल लिहिले. ते फारसे कुणी वाचले नाहीत. प्रोग्रामिंगचा प्रवाह त्यांना वळसा घालून गेला.

घराणं वाढतं

१९५८ पासून जॉन मॅकार्थी यांनी एमआयटीत लिस्प घडवली. लॅम्डा हा शब्द चर्चकडून घेतला, पण बाकीचा सिद्धांत नाही. परिणाम? सुरुवातीच्या लिस्पमध्ये फंक्शनमधलं नाव, ते फंक्शन जिथे चालवलं जाईल तिथल्या अर्थाने घेतलं जायचं. म्हणजे नांदेडची चिठ्ठी लातूरला वाचली की अण्णा लातूरचे! करींनी १९२२ ला ज्या खड्ड्याकडे बोट दाखवलं होतं, तोच. १९७५ ला आलेल्या स्कीमने तो नीट बुजवला. दरम्यान पीटर लँडिन यांची इझ्विम आली, मग एडिंबरोला रॉबिन मिल्नर यांची एमएल. एमएलला टाइप न सांगता ओळखता येतात. ती युक्ती रॉजर हिंडली यांनी करींच्याच कॉम्बिनेटरवर काम करताना १९६९ ला मांडली होती आणि मिल्नर यांनी ती स्वतंत्रपणे पुन्हा शोधली.

थेट करींपर्यंत पोचणारा धागा डेव्हिड टर्नर यांचा. १९७९ मध्ये त्यांनी आपल्या सॅसल भाषेचे प्रोग्राम एस, के अशा कॉम्बिनेटरमध्ये बदलून चालवून दाखवले. व्हेरिएबल नसलेलं ते तर्कशास्त्र आता मशीनवर पळत होतं, आणि करी तेव्हा हयात होते. निवृत्तीनंतर ते अॅमस्टरडॅमला शिकवून १९७० ला परत आले होते. ‘कॉम्बिनेटरी लॉजिक’ या ग्रंथाचा दुसरा खंड १९७२ ला निघाला. हॉवर्ड यांचं १९६९ पासून हातोहात फिरणारं टिपण अखेर १९८० साली छापून आलं, ते करींच्या गौरवग्रंथात. १ सप्टेंबर १९८२ ला करी गेले.

१९८७ ला पोर्टलंडच्या परिषदेत काही संशोधक जमले. टर्नर यांच्या मिरांडासारख्या डझनभर ‘आळशी’ भाषा झाल्या होत्या, म्हणजे गरज पडल्याशिवाय काहीच न मोजणाऱ्या. सगळ्यांसाठी एकच खुली भाषा करायचं ठरलं. नाव काय द्यायचं यावर १९८८ च्या बैठकीत खल झाला. ‘करी’वर विनोद होतील म्हणून ते मागे पडलं आणि ‘हॅस्केल’ ठरलं. परवानगीसाठी करींच्या पत्नी व्हर्जिनिया यांना पत्र गेलं. नंतर पॉल हुडाक त्यांना घरी जाऊन भेटले. चर्च, क्लीनी घरी येऊन गेल्याच्या आठवणी बाईंनी सांगितल्या. मग पेन स्टेटमध्ये हुडाक यांचं हॅस्केलवरचं व्याख्यान झालं, त्यालाही त्या येऊन बसल्या. विषय काहीच कळला नव्हता, तरी शेवटपर्यंत थांबल्या. निघताना जाताजाता एवढंच सांगून गेल्या की यजमानांना हॅस्केल हे नाव कधीच आवडलं नव्हतं.

तोवर नाव बदलायची वेळ निघून गेली होती. भाषेचा पहिला अहवाल १ एप्रिल १९९० ला निघाला.