क्योटोच्या नर्सिंगच्या बाई

बाटल्यांवर औषधांची नावे नव्हती, नुसते क्रमांक होते. कोणत्या रुग्णाला कितव्या क्रमांकाची बाटली द्यायची एवढेच नर्सला सांगितले जाई. आत काय आहे हे तिला कळू नये, याची खास काळजी घेतली जाई. १८७२ साली बॉस्टनच्या 'न्यू इंग्लंड हॉस्पिटल फॉर विमेन अँड चिल्ड्रेन'मध्ये लिंडा रिचर्ड्स शिकल्या त्या अशा. पहाटे साडेपाचला उठायचे, रात्री नऊला वॉर्ड सोडायचा आणि झोपायचे वॉर्डालगतच्याच खोलीत. म्हणजे रुग्णाने हाक मारली की पुन्हा हजर. सुट्टी दर पंधरवड्याला एक दुपार, दोन ते पाच. पाठ्यपुस्तक नव्हते आणि परीक्षाही नव्हती. १८७३ मध्ये पदविका हाती आली आणि अमेरिकेतील पहिल्या प्रशिक्षित परिचारिका म्हणून त्यांचे नाव नोंदले गेले.

हा मार्ग त्यांनी हौसेने निवडला नव्हता. १८४१ मध्ये न्यूयॉर्क राज्यात जन्मलेल्या लिंडा यांचे वडील लवकर गेले. क्षयाने खंगलेल्या आईची शुश्रूषा त्यांनी लहान वयातच केली. लग्न ठरलेला तरुण यादवी युद्धातून जखमी होऊन परतला. १८६९ मध्ये तो जाईपर्यंत त्याचेही सारे त्यांनीच पाहिले. माया होती, राबण्याची तयारीही होती, पण शास्त्र शिकवणारे कोणी नव्हते. ही उणीव त्या विसरल्या नाहीत.

न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात रात्रपाळीच्या प्रमुख असताना त्यांनी रुग्णांच्या स्थितीच्या नोंदी लिहून ठेवायला सुरुवात केली. तोवर नर्सने डॉक्टरांना तोंडी सांगायचे अशी रीत होती. आज प्रत्येक वॉर्डात दिसणाऱ्या नर्सिंगच्या कागदांमागे ही साधी सवय आहे. पुढे बॉस्टनला एक प्रशिक्षणशाळा सावरून १८७७ मध्ये त्या ब्रिटनला गेल्या. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील काम त्यांनी पाहिले, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना भेटल्या आणि परतल्यावर बॉस्टन सिटी हॉस्पिटलमध्ये नवी शाळा उभी केली. इथेच त्या निवृत्तीपर्यंत सुखाने राहू शकल्या असत्या.

पण १८८६ च्या सुरुवातीला, चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्या जपानमध्ये पोहोचल्या. मिशनरी डॉक्टर जॉन बेरी यांना क्योटोमध्ये डोशिशा संस्थेच्या रुग्णालयात परिचारिकांची शाळा हवी होती. अमेरिकन मिशनने त्यांना पाठवले असल्याने धर्मप्रसाराचे कामही त्यांच्याकडे होते. जपानने तेव्हा जर्मन धर्तीचे वैद्यकशिक्षण झपाट्याने स्वीकारले होते. नवे डॉक्टर तयार होत होते. आजाऱ्याच्या उशाशी मात्र बहुधा घरचेच माणूस असे. पगारी, शिकलेली परिचारिका ही कल्पना नुकती रुजत होती. आदल्याच वर्षी टोकियोत नौदलाचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांनी अशी शाळा सुरू केली होती. आहार बदलून खलाशांचा बेरीबेरी आटोक्यात आणणारे हेच ते ताकाकी. तेही सेंट थॉमसचेच विद्यार्थी होते.

क्योटोमध्ये लिंडाबाईंची पहिली अडचण भाषेची. त्या जपानी शिकू लागल्या, तरी दुभाष्याशिवाय शिकवणे अशक्य होते. नर्सिंगचा बराचसा भाग हातांचा असतो आणि हात करून दाखवता येतात. पण ताप का चढतो, जखम का चिघळते, हे 'का' सांगायला शब्दच लागतात. बाटलीवरचा क्रमांक वाचून औषध पाजणारी नर्स त्यांना घडवायची नव्हती. आवाक्यातल्या मोजक्या मुली घेऊन त्यांनी शाळा चालवली. १८८८ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. ज्ञान तेव्हा दुसऱ्या वाटेनेही जपानकडे निघाले होते. फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशी यांच्यासोबतच्या प्रसिद्ध छायाचित्रात दिसणाऱ्या केई ओकामी या जपानच्याच, वैद्यक शिकायला गेलेल्या.

पाच वर्षांच्या सुमारास प्रकृतीने साथ सोडली आणि लिंडाबाई अमेरिकेला परतल्या. विश्रांती मात्र फार घेतली नाही. नंतरची बरीच वर्षे त्यांनी, चांगल्या नर्स सहसा जिथे जायला नाखूष असत, त्या मनोरुग्णालयांत घालवली. मॅसॅच्युसेट्स आणि मिशिगनमधील अशा रुग्णालयांत त्यांनी प्रशिक्षणाची घडी बसवली. शरीराने आजारी माणसाला जी निगा मिळते, तिच्यापेक्षा मनाने आजारी माणसाला कमी मिळता कामा नये, असा त्यांचा आग्रह होता. १९११ मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि त्याच वर्षी त्यांच्या आठवणींचे पुस्तक निघाले. क्रमांकाच्या बाटल्यांची हकीकत त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवली आहे. १६ एप्रिल १९३० रोजी त्यांचे निधन झाले.