बावटा नाही, म्हणजे समुद्र सेफ? ‘जर-तर’चा हिशोब मांडणारा ख्रिसिपस

समजा, वीकेंडला तुम्ही दिवेआगरला गेलात. गावात कुणीतरी सांगितलं, किनाऱ्यावर लाल बावटा असेल तर समुद्र धोक्याचा. तुम्ही बघितलं, बावटा कुठंच नाही. मग उतरायचं का पाण्यात?

जरा थांबा. या ‘जर-तर’चा हिशोब २२०० वर्षांपूर्वी एका माणसाने मांडून ठेवलाय. त्याचं नाव ख्रिसिपस.

इसवी सनपूर्व २८० च्या आसपास आजच्या तुर्कस्तानातल्या सोली इथं तो जन्मला. आधी तो लांब पल्ल्याचा धावपटू होता असं सांगतात. पुढे अथेन्सला येऊन तो क्लिअँथिसचा शिष्य झाला आणि इसवी सनपूर्व २३० च्या सुमारास स्टोइक पंथाचा तिसरा प्रमुख बनला. ७०० हून जास्त ग्रंथ त्याच्या नावावर आहेत, पण आज एकही पूर्ण मिळत नाही. त्याचे विचार कळतात ते नंतरच्या लेखकांमुळे.

तेव्हा ग्रीक विचारवंतांमध्ये ‘जर-तर’वरून मोठा वाद होता. फिलो म्हणायचा, ‘जर’ खरं असून ‘तर’ खोटं निघालं, तरच वाक्य खोटं. या नियमाने ‘दिवेआगरला समुद्र असेल तर दोन अधिक दोन चार’ हेसुद्धा खरं! ख्रिसिपसची मानली जाणारी अट कडक होती. दोन्ही भागांत नातं हवं. ‘तर’ नाकारलं की ‘जर’शी त्याचा विरोध झालाच पाहिजे.

त्याने अनुमानाचे पाच मूळ नियम धरले. पहिले दोन ‘जर-तर’चे. बावटा आहे, म्हणून धोका आहे. धोका नाही, म्हणून बावटा नाही. पण ‘बावटा नाही, म्हणून धोका नाही’ हे त्यात कुठंच बसत नाही. कारण धोका असूनही बावटा लावायचा राहून गेलेला असू शकतो.

आपण आजही इथंच फसतो. १९६६ मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसनने एक कोडं मांडलं. चार कार्डं, एक ‘जर-तर’चा नियम. तो पाळलाय का, हे तपासायला कोणती कार्डं उलटायची? ‘तर’चा भाग जिथं खोटा होता, नेमकं तेच कार्ड बहुतेकांनी सोडलं. म्हणजे ख्रिसिपसचा दुसरा नियमच ते विसरले.

इसवी सनपूर्व २०६ च्या सुमारास ख्रिसिपस गेला. गाढवाला अंजीर खाताना बघून हसता हसता त्याचा जीव गेला, अशी एक दंतकथा आहे.

त्याचा हिशोब मात्र अजून कामाचा आहे. बावटा दिसला तर पाण्यात उतरू नका. नाही दिसला, तर आधी गावातल्या कोळ्यांना विचारा.