आपल्या पट्टीचे धनी : अल्लादियाखाँ

आमच्या कर्जत-खालापूर भागात सप्ताह बसला की पहिल्या दोन दिवसांत भजनाला जो जोर असतो, तो चौथ्या-पाचव्या दिवशी ओसरतो. मृदंग तोच, टाळ तेच, पण गळे बसलेले. चांगले तरणे गायक खाकरत उभे राहतात. कारण साधं असतं. पेटीवाल्याने शेजारच्या गावच्या बुवांची पट्टी धरलेली असते, आणि आपण कमी पडू नये म्हणून सगळेच तिथपर्यंत ओरडतात. अशा मंडळींसाठी आज आम्ही एका थोर गवयाचं चरित्र सांगणार आहोत. ते वारकरी नव्हते, मुसलमान घराण्यातले दरबारी गवई होते. पण गळा म्हणजे काय, तो जातो कसा आणि उरल्या गळ्याचं सोनं कसं करावं, हे त्यांच्याइतकं कोणी दाखवलेलं नाही.

अल्लादियाखाँ यांचा जन्म १८५५ साली राजपुतान्यात उनियारा येथे झाला. घराणं धृपद-धमार गाणारं. म्हणजे आपल्या भजनासारखीच पखवाजाची साथ, आणि गाणं भरदार. पुढे त्यांनी आपले चुलते जहांगीरखाँ यांच्याकडे कित्येक वर्षं तालीम घेतली, आधी धृपदाची, मग ख्यालाची. मेहनत इतकी की दिवस-रात्र एक केली. आवाज गोड, चपळ आणि वरच्या सुरांत सहज फिरणारा होता. राजेरजवाड्यांकडून बोलावणी येऊ लागली.

इथेच घात झाला. माळव्यातल्या आमलेटा येथील दरबारात त्यांचं फार कौतुक झालं. धन्याला गाण्याचा नाद. रोज गाणं, वेळी-अवेळी गाणं, आणि थांबायचं नाव नाही. गळ्याला उसंत मिळाली नाही आणि ऐन उमेदीत खाँसाहेबांचा आवाज बसला. असा बसला की गवई म्हणून जगणं संपलं असं वाटावं. ज्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या गाण्यावरच चूल पेटली, त्या माणसाचं काय झालं असेल याचा वाचकांनीच विचार करावा.

काही काळाने आवाज परतला, पण तो पहिला नव्हे. गोडवा गेला होता, चपळाई गेली होती. उरला होता एक रुंद, जडसा आवाज. दुसरा कोणी असता तर जुन्या आवाजाच्या मागे धावून उरलेलाही घालवून बसला असता. खाँसाहेबांनी तसं केलं नाही. या गळ्यात काय बसतं ते त्यांनी धुंडाळलं. मोकळा आकार, दमसास, बेताची लय, आणि तालाच्या अंगाने वळत जाणारी, एकातून दुसरी निघणारी स्वरांची गुंफण, यांवर त्यांनी आपली गायकी नव्याने उभी केली. तीच आज जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी म्हणून ओळखली जाते. उणीव होती तिथूनच घराणं निघालं!

पुढे कोल्हापुरास शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. महाराज १९२२ साली वारले, त्यानंतर खाँसाहेब मुंबईस राहू लागले. कोल्हापूरहून मुंबईची आगगाडी आमच्या कर्जतवरूनच जाते. कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला घाट चढायला मागून जादा इंजिनं लावतात, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. गळ्याचंही तसंच आहे. वरच्या सुराला खालून रेटा लागतो. तो रेटा पोटातल्या दमाचा आणि खर्जाच्या मेहनतीचा. नुसत्या घशाने घाट चढू गेलं की गाडी अडते.

त्यांच्या शिष्यांत भास्करबुवा बखले होते. बुवा लहानपणी नाटकात गात, पण वयात येताना आवाज फुटला आणि ते काम गेलं. तरी धीर धरून शिकले आणि मोठे गवई झाले. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनाही खाँसाहेबांनीच घडवलं. दोघींचे गळे निराळे, गुरूचा तर तिसराच. गायकी एक, पण प्रत्येकाची पट्टी आपापली. केसरबाईंचं गाणं तर १९७७ साली व्हॉयेजर यानातल्या तबकडीवरून अवकाशात गेलं. १६ मार्च १९४६ रोजी मुंबईत खाँसाहेबांनी देह ठेवला. तेव्हा नव्वदी उलटली होती.

आता आपल्या भजनी मंडळींनी यातून काय घ्यावं? पहाटे पेटी घेऊन बसावं. सहज निघेल तितका खालचा सूर शोधावा, मग मान न ताणता, शिरा न फुगवता लागेल तितका वरचा. या दोहोंच्या मध्ये आपला षड्ज असा धरावा, की खाली मंद्र पंचम ऐकू येईल आणि वर तार गंधार-मध्यम सुखाने लागेल. तीच आपली पट्टी, मग ती पांढरी एक असो की काळी चार. रोज थोडा वेळ खर्ज भरावा, आकार मोकळा ठेवावा. वरची मर्यादा महिन्या-महिन्याने अर्ध्या सुराने वाढली तरी पुष्कळ. आवाज फुटू लागलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला उंच अभंगाला उभं करू नये. त्याच्या हाती टाळ द्यावेत. सप्ताहात गाणाऱ्यांच्या पाळ्या लावाव्यात. घसा तीन आठवड्यांवर बसलेला राहिला, तर काढ्यावर न भागवता घशाच्या डॉक्टरला दाखवावं.

कार्तिकीला आमच्या दिंड्या खोपोलीहून बोरघाट चढून आळंदीस जातात. घाट चढताना कोणी धावत नाही. ज्याच्या त्याच्या पावलाने गेलं की सगळेच पोचतात. गाण्याचीही वाट तीच आहे. रामकृष्णहरि.