आवाजाला जागा देणारा माणूस

माझ्या भाच्याने गेल्या दिवाळीत नवी गाडी घेतली आणि आठवड्याभरात तिच्यात म्युझिक सिस्टिम बसवली. डिकीत बेसचा भलामोठा स्पीकर, दोन दारांत दोन, पुढच्या काचेशेजारी दोन छोटे. तरी त्याचे समाधान होईना. गायक समोर बसायचे सोडून आपल्या उजव्या गुडघ्याशी बसला आहे आणि तबल्याचा डग्गा मागे डिकीत घुमतो आहे, अशी त्याची तक्रार. पंधरा दिवस खटपट करून एका रविवारी त्याने मला स्टिअरिंगमागे बसवले, भीमसेनजींचे गाणे लावले आणि आता गायक कुठे दिसतो म्हणून विचारले. बरोबर मधोमध, असे मी सांगून टाकले. पोरगा खूश झाला.

मी खोटे बोललो होतो. तीन वर्षांपूर्वी माझा डावा कान कायमचा गेला. ते मी घरात फारसे कुणाला कळू दिले नव्हते. एका कानाच्या माणसाला मधोमध असे काही उरतच नाही. बँकेत चौतीस वर्षे तारण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कर्जाच्या कागदावर सही न करणारा मी, त्या दिवशी न ऐकलेल्या गोष्टीवर सही करून मोकळा झालो. ती टोचणी घेऊन वाचायला बसलो आणि भेट झाली ॲलन ब्लमलाइनची.

ब्लमलाइनचा जन्म २९ जून १९०३ चा, लंडनमधला. वडील जर्मनीतून येऊन ब्रिटिश झालेले, आई दक्षिण आफ्रिकेतल्या एका स्कॉटिश मिशनऱ्याची मुलगी. बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला धड वाचता येत नव्हते, पण गणिते मात्र भराभर सुटत, असे सांगतात. इंजिनिअर होऊन त्याने आधी टेलिफोनच्या तारांवर काम केले. १९२९ मध्ये तो कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत आला आणि १९३१ मध्ये विलीनीकरण होऊन तिची ईएमआय झाली.

त्याच वर्षीची गोष्ट सांगितली जाते. पुढे त्याची पत्नी झालेल्या डोरीनबरोबर तो बोलपट पाहायला गेला होता. पडद्यावरचा नट एका टोकाला आणि त्याचा आवाज भलत्याच बाजूने. हा आंधळेपणा आपल्याला घालवता येईल, असे तो तिला म्हणाला. १४ डिसेंबर १९३१ रोजी त्याने पेटंटचा अर्ज दाखल केला. त्यात सत्तर दावे होते. आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो, त्याचा पाया त्या एका कागदात आहे.

मुळातली गोष्ट साधी आहे. डावीकडचा आवाज डाव्या कानाला किंचित आधी पोचतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, पण खर्जाच्या आवाजाची दिशा मेंदू त्यावरूनच ओळखतो. वरच्या पट्टीत डोक्याचीच सावली पडते आणि पलीकडच्या कानाला आवाज कमी येतो. दोन माइक आणि दोन स्पीकर वापरून हे फरक पुन्हा उभे कसे करायचे, ते ब्लमलाइनने मांडले. जानेवारी १९३४ मध्ये ॲबे रोडच्या स्टुडिओत सर थॉमस बीचम मोत्सार्टची ‘ज्युपिटर’ सिंफनी वाजवून घेत होते. ब्लमलाइनने ती दोन वाटांनी मुद्रित केली.

भाच्याची पंधरा दिवसांची खटपट हीच होती. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. चालवणाऱ्यापासून डाव्या दाराचा स्पीकर उजव्यापेक्षा ७० सेंटिमीटर लांब असेल, तर त्याचा आवाज दोन मिलिसेकंद उशिरा येतो. आधी आलेल्याला मेंदू मान देतो, म्हणून गायक उजव्या गुडघ्याशी. उपाय एकच : जवळच्याला तेवढा वेळ थांबवायचे. बेसचेही तसेच. साठ हर्ट्झची लाट साडेपाच मीटरहून लांब असते, तिची जागा कानाला कळत नाही. चुगली करतात तो वरच्या पट्टीतला अंश आणि डिकीच्या पत्र्याचा खडखडाट. म्हणून मागच्या स्पीकरला साधारण ऐंशी हर्ट्झच्या खालचेच काम द्यायचे, पत्रे घट्ट करायचे आणि पुढच्या स्पीकरना इतके थांबवायचे, की मागचा ठोका त्यांच्याबरोबरच कानी पडेल. मग डग्गा डिकीतून उठून समोर येऊन बसतो.

कंपनीला मात्र मंदीच्या त्या दिवसांत या शोधाचे करायचे काय, हे कळेना. कागद बाजूला पडले आणि ब्लमलाइनला टेलिव्हिजनच्या कामावर घेतले गेले. नोव्हेंबर १९३६ मध्ये बीबीसीने सेवा सुरू केली, तिच्यातल्या ४०५ रेषांच्या पद्धतीमागे त्याचा मोठा हात होता. मग महायुद्ध आले. ढगांखालची जमीन विमानातून दाखवणाऱ्या रडारची चाचणी घेताना, रविवार ७ जून १९४२ रोजी हॅलिफॅक्स विमानाच्या इंजिनाला आग लागली. वेल्सच्या सीमेजवळ ते कोसळले आणि अकराच्या अकरा जण गेले. ब्लमलाइन अडतीस वर्षांचा होता. मागे डोरीन आणि दोन मुलगे. काम गुप्त, म्हणून मृत्यूही गुप्त. वर्तमानपत्रात चार ओळींचा मृत्युलेखसुद्धा आला नाही.

त्याच्या नावावर १२८ पेटंटे आहेत. १९५८ मध्ये स्टिरिओ तबकड्या दुकानांत आल्या, तेव्हा एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन बाजू कोरण्याची १९३१ च्या पेटंटातलीच युक्ती त्यांत होती. लंडनमधल्या त्याच्या घरावर १९७७ मध्ये निळी पाटी लागली, ग्रॅमीचा तांत्रिक सन्मान २०१७ मध्ये मिळाला. ज्याने प्रत्येक आवाजाला त्याची जागा दिली, त्याला स्वतःची जागा मिळायला इतकी वर्षे लागली.

हे वाचून झाल्यावर मी भाच्याला बोलावले आणि कानाचे खरे काय ते सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग माझा मोबाइल मागून घेतला, त्यात कुठेतरी जाऊन डावी-उजवी बाजू एकत्र केली आणि हेडफोन माझ्या हाती दिला. तोवर हेडफोनची डावी बाजू मला ऐकूच येत नव्हती, हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. गायक मधोमध नव्हता, सगळे एका ठिकाणी दाटीवाटीने बसले होते. पण ज्या ध्वनिमुद्रणात तीन वर्षे तबला अगदी दबलेला वाटत होता, त्यात तो स्वच्छ ऐकू आला.