इंदूरच्या खताचे जनक : सर अल्बर्ट हॉवर्ड

कंपोस्ट खताची ‘इंदूर पद्धत’ हे नाव शेतकीच्या पुस्तकात पुष्कळांनी वाचले असेल. जुनी इंदूर म्हणजे खान आणि सरस्वती या नद्यांच्या काठची मूळ वस्ती. तिच्या पूर्वेला, त्या वेळच्या शहराबाहेर, होळकर दरबाराने दिलेल्या ३०० एकर जमिनीवर १९२४ साली एक संशोधन संस्था उभी राहिली. आज तेथे कृषी महाविद्यालय आहे. तिचे पहिले संचालक अल्बर्ट हॉवर्ड. हा मनुष्य मुळात खतांचा नव्हे, बुरशीच्या रोगांचा अभ्यासक होता, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात, शेतकरी कुटुंबात झाला. केंब्रिजचे शिक्षण संपल्यावर १८९९ साली ते वेस्ट इंडीजमध्ये कवकशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. पिकांवरची बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची आणि शेतकऱ्यांना उपाय सांगायचा, हे त्यांचे काम. पण स्वतःच्या ताब्यात एक एकरही रान नव्हते. जे आपण करून पाहिले नाही ते दुसऱ्याला कोणत्या तोंडाने सांगावे, ही बोच त्यांना तेथे लागली.

१९०५ साली ते बिहारमधील पुसा येथे आले. त्याच वर्षी गॅब्रिएल मॅथाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या बाई स्वतः केंब्रिजमध्ये वनस्पतींवर संशोधन केलेल्या विदुषी. गव्हाच्या सुधारलेल्या जाती या दोघांनी मिळून काढल्या. पुसा येथे हॉवर्ड यांना अखेर ७५ एकर जमीन मिळाली. आजूबाजूच्या खेड्यांतली पिके औषधाशिवाय निरोगी कशी, हे ते शेतकऱ्यांकडून शिकले. रोग म्हणजे जमिनीची प्रकृती बिघडल्याची खूण, असे त्यांचे मत होत गेले. परंतु पुशाला बुरशीचा विभाग वेगळा, किडींचा वेगळा, रसायनाचा वेगळा. या भिंतींना कंटाळूनच ते इंदूरला आले.

इंदूरला पैसा कापसाच्या संशोधनासाठी होता. कपाशीच्या पऱ्हाट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घ्यायच्या, गुरांखाली अंथरायच्या, मग शेण, मूत्र मुरलेली माती आणि राख यांच्याबरोबर खड्ड्यात थर द्यायचे. तीन वेळा खालीवर केले की तीन महिन्यांत खत तयार. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. मला यातला हिशेब आवडतो, कारण विकत आणायचे जवळजवळ काहीच नाही. गंमत अशी, की खड्ड्यातला कठीण काडीकचरा प्रथम कुजवते ती बुरशीच. आयुष्यभर जिला रोगाचे कारण म्हणून पाहिले, तिलाच हॉवर्ड यांनी कामाला लावले.

१९३० साली गॅब्रिएल निवर्तल्या आणि पुढच्याच वर्षी हॉवर्ड यांनी इंदूर सोडले. १९३४ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९३५ साली गांधीजींनी ‘हरिजन’मधून या पद्धतीचा पुरस्कार केला. १९४० च्या ‘अ‍ॅन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ने त्यांचे नाव जगभर गेले.

तरीपण त्यांचे सगळेच म्हणणे मला पटत नाही. जमीन सकस असली की रोग येत नाही, असे ते पुढे फार ठामपणे सांगू लागले. अमेरिकेतील चेस्टनटची झाडे रानातल्या पालापाचोळ्याच्या सकस मातीतच उभी होती. १९०४ मध्ये न्यूयॉर्कला परदेशी बुरशी आढळली आणि अर्ध्या शतकात ती जवळजवळ सगळी झाडे गेली. आपल्या कन्नड विभागातील मित्रांना सुपारीचा कोळेरोग ठाऊक आहे. पावसात फळे कुजून गळतात. म्हैसूर संस्थानात डॉ. लेस्ली कोलमन यांनी त्याचा अभ्यास केला, १९१० साली तो प्रसिद्ध झाला आणि मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारण्याचा उपाय रूढ झाला. केवळ शेणखतावर भिस्त ठेवून पावसाळा काढा, असे त्या बागाईतदारांना सांगण्याचे धाडस मी तरी करणार नाही. हॉवर्ड यांची खरी कमाई जमिनीला अन्न देण्याची आहे. रोगाची हमी त्यांनी द्यायला नको होती.

२० ऑक्टोबर १९४७ रोजी त्यांचे निधन झाले. इंदूर पद्धत जगापुढे मांडणारा मूळ ग्रंथ १९३१ चा. त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर दुसरे नाव आहे ते यशवंत वाड यांचे. ते इंदूरच्या संस्थेतच रसायनाचे काम पाहत. हॉवर्ड यांच्या चरित्रांत त्यांना एखादी ओळ मिळते, पुष्कळदा तीही नाही.