विश्लेषण : ज्या पुस्तकावर एडवर्ड लिअर यांनी नाव घातले नाही, त्याच पुस्तकाने त्यांना ओळख कशी दिली?

इंग्रजी जगात १२ मे हा ‘लिमरिक डे’ म्हणून साजरा होतो. लिमरिक म्हणजे पाच ओळींची चटपटीत, बहुधा वेडगळ कविता. ज्यांच्या वाढदिवसामुळे ही तारीख ठरली ते एडवर्ड लिअर (१८१२-१८८८) मात्र स्वतःला निसर्गचित्रकार मानत. हा कवितेचा साचाही त्यांनी शोधलेला नव्हता. मग नाव त्यांचेच का राहिले?

पोपटांपासून सुरुवात

लंडनजवळच्या हॉलोवेत जन्मलेले लिअर हे २१ भावंडांतील २०वे, असे मानले जाते. वडिलांचा व्यवसाय बुडाल्यावर थोरली बहीण ॲन हिने त्यांना वाढवले. पाच-सहा वर्षांचे असल्यापासून त्यांना अपस्माराचे झटके येत. त्या काळी हा आजार लाजिरवाणा समजला जाई. लिअर यांनी तो जन्मभर लपवला. रोजनिशीत झटक्याच्या दिवशी ते फक्त फुलीची खूण करत.

पंधरा-सोळाव्या वर्षापासून ते चित्रे विकून पोट भरू लागले. १८३० मध्ये, १८ वर्षांचे असताना, त्यांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील जिवंत पोपट समोर ठेवून चित्रमालिका सुरू केली. ती पाहून डर्बीच्या अर्ल घराण्याने लिव्हरपूलजवळच्या नोस्ली येथील आपल्या खासगी प्राणिसंग्रहालयाची चित्रे काढायला त्यांना बोलावले. दिवसा पक्ष्यांचे पीस न् पीस टिपायचे आणि फावल्या वेळात घरातल्या मुलांना हसवायचे, असा क्रम सुरू झाला.

टोपणनाव कशासाठी?

मुलांसाठी केलेल्या या कविता आणि चित्रे १८४६ मध्ये ‘अ बुक ऑफ नॉन्सेन्स’ या नावाने छापली गेली. त्याच वर्षी लिअर यांचे इटलीवरचे चित्रग्रंथ आले आणि व्हिक्टोरिया राणीला त्यांनी चित्रकलेचे धडेही दिले. त्या गंभीर पुस्तकांवर त्यांचे खरे नाव होते, गमतीच्या पुस्तकावर ‘डेरी डाउन डेरी’. चित्रकार म्हणून जम बसवू पाहणाऱ्याने अशी काळजी घेणे समजण्यासारखेच होते.

पुस्तकात काय होते? प्रत्येक पानावर अमुक गावचा एक म्हातारा किंवा बाई, त्यांची एक विचित्र खोड आणि त्यावर ‘त्या’ लोकांची प्रतिक्रिया. आपल्या बडबडगीतांच्या जवळ जाणारा प्रकार. फक्त इथे नायक बहुधा वयस्क. वर चित्र : लांबलचक नाके, पंखांसारखे मागे फेकलेले हात, चवड्यांवर तोललेली माणसे. पोपटांची चित्रे काढणाऱ्याच हाताने ही काढली, यावर पटकन विश्वास बसत नाही. त्या काळच्या बालपुस्तकांत खोडकर मुलांना शिक्षा आणि शेवटी उपदेश हमखास असे. इथे तात्पर्य नावालाही नव्हते.

स्वागत कसे झाले?

पहिल्या आवृत्तीचा फारसा गाजावाजा झाला नाही. १८६१ची वाढवलेली आवृत्ती, यावेळी खऱ्या नावाने, धडाक्यात खपली. पण पुस्तकाच्या यशाचा लिअर यांना फारसा फायदा झाला नाही. १८६२ मध्ये त्यांनी त्याचे हक्क प्रकाशकाला १२५ पौंडांना विकून टाकले. पुढे आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. त्यांच्या हाती मात्र काही आले नाही. निसर्गचित्रांना गिऱ्हाईक मिळवण्यासाठी त्यांची वणवण सुरूच राहिली.

त्यात आणखी एक अफवा. लिअर नावातील रोमन अक्षरे उलटसुलट केली की ‘अर्ल’ होते, म्हणून हे पुस्तक खरे तर डर्बीच्या अर्लनेच लिहिले, असे लोक म्हणू लागले. रेल्वेच्या डब्यात एक सहप्रवासी हे ठामपणे सांगत असताना लिअर यांना टोपीच्या आतले आपले नाव दाखवून स्वतःचे अस्तित्व सिद्ध करावे लागले, असा किस्सा त्यांनीच नोंदवला आहे.

मुंबईशी काय संबंध?

व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक हे त्यांचे मित्र. त्यांच्या निमंत्रणावरून ६१ वर्षांचे लिअर नोव्हेंबर १८७३ मध्ये मुंबईत उतरले आणि वर्षभराहून अधिक काळ देशभर चित्रे काढत फिरले. जुलै १८७४ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्यांची ‘द कमरबंड’ ही कविता आली. कानावर पडणारे देशी शब्द त्यांनी मुद्दाम भलत्याच अर्थाने वापरले. तिच्यात धोबी ही बसायची वस्तू आहे आणि कमरबंद माणसे गिळतो! ज्यांना हे शब्द येतात त्यांनाच यातली खरी गंमत कळते, त्यामुळे मुंबईकर वाचक इथे लंडनकरांपेक्षा फायद्यात होता.

समीक्षकांनी दखल घेतली?

उशिरा. १८८६ मध्ये कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी आपल्या आवडत्या शंभर लेखकांत लिअर यांना पहिले स्थान दिले. इंग्रजी निसर्गचित्रांवर ज्याचा शब्द प्रमाण मानला जाई, त्या माणसाने गौरव केला तो वेडगळ कवितांचा. तेव्हा लिअर इटलीतील सॅन रेमो येथे आजारपणात दिवस काढत होते. २९ जानेवारी १८८८ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. टेनिसन यांच्या कवितांवरची चित्रमालिका, ज्यासाठी त्यांनी अनेक वर्षे खर्च केली, अपुरी राहिली.

विसाव्या शतकात आल्डस हक्सली यांनी कवितांतील ‘त्या’ लोकांकडे लक्ष वेधले. चौकटीबाहेरच्या माणसाला टोचणारा, क्वचित ठेचणारा समाज म्हणजे ते लोक, असे हे वाचन. आजार लपवत जगलेल्या माणसाच्या पुस्तकाला ते चपखल बसते. १८४६च्या मूळ आवृत्तीच्या प्रती आता अगदी दुर्मीळ आहेत. मुलांनी वाचून वाचून त्यांच्या चिंध्या केल्या होत्या.